योगवर्ग सुरू करण्यापूर्वीची तयारी : जागा पहाटे साडेपाचला पाहा

नाशिकमध्ये माझा पहिला योगवर्ग सुरू केला तेव्हा तयारीची चार पानी यादी मी स्वतः लिहून काढली होती आणि तिच्यातील जवळजवळ प्रत्येक ओळीवर खूणही केली होती. मॅट, लोड, पट्टे, फलक, पावतीपुस्तक, पाहुण्यांसाठी पेढे, सारे वेळेवर झाले. दसऱ्याला उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला पहिल्या बॅचची अकरा माणसे काखेत मॅट धरून व्यापारी संकुलाच्या चॅनेल गेटबाहेर उभी राहिली, कारण गेटला कुलूप होते. रात्रीच्या रखवालदाराकडे किल्ली नव्हती. ती ज्याच्याकडे होती तो पावणेआठला आला. गेट उघडल्यावर कळले की जिन्यातले दिवे आणि लिफ्ट नऊ वाजता सुरू होतात आणि वरच्या टाकीत पाणी चढवणारा पंपही त्यानंतरच लावतात, त्यामुळे स्वच्छतागृहात थेंबभर पाणी नव्हते. मी ती जागा करार करण्यापूर्वी तीनदा पाहिली होती, पण तिन्ही वेळा एजंटाच्या सोयीने, सकाळी अकराला किंवा सायंकाळी पाचला.

म्हणून जो कोणी लहान योगवर्ग किंवा व्यायामवर्ग काढू पाहतो आहे त्याने सर्वांत आधी हे करावे : जागा आवडली की पहाटे साडेपाचला तिथे जावे, तेही एकदा कामाच्या दिवशी आणि एकदा रविवारी. एजंटाला सोबत नेऊ नये, मालकाला आधी सांगूही नये. गेट कोण उघडतो, जिन्यात दिवा आहे का, नळाला पाणी येते का, रस्त्यावर कुत्र्यांचा त्रास किती आहे, समोर दुधाच्या आणि भाजीच्या गाड्या उभ्या राहून स्कूटर लावायला जागा उरते का, हे त्या वेळी गेल्याशिवाय समजत नाही. योगवर्गाचा खरा व्यवसाय पहाटे पावणेसहा ते आठ या वेळेतच होतो. ज्या जागेचा दिवस नऊला सुरू होतो ती जागा कितीही देखणी आणि स्वस्त असली, तरी आपल्या कामाची नाही.

जूनमध्ये जागा पाहत असाल तर अधिकच सावध राहा. तेव्हा आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि साडेपाचलाही बऱ्यापैकी उजाडलेले असते, पण जानेवारीत सूर्य सातनंतर वर येतो. त्याच जिन्यावरून, त्याच बोळातून थंडीतल्या काळोखात साठीच्या बाईंना एकटीने यायचे आहे, हे डोळ्यांसमोर आणून जागा पाहा.

पाहून झाले की ते कागदावर आणा. येथे माझी दुसरी चूक झाली, ती अशी की मालकाने तोंडी दिलेल्या "त्याची काळजी करू नका" या शब्दावर मी विसंबले. संकुलाचे गेट, पंप, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे मालकाच्या हातात नसतात, ते संकुलाच्या सोसायटीच्या हातात असतात. त्यामुळे सोसायटीचे ना हरकत पत्र घ्यावे आणि त्यात पहाटे पाच वाजल्यापासून, रविवार व सणाच्या सुट्ट्या धरून, प्रवेश मिळेल, गेटची एक किल्ली आपल्याकडे राहील, पंप व दिवे त्या वेळेपासून चालू असतील, असे स्पष्ट लिहून घ्यावे. निव्वळ "योगवर्गास हरकत नाही" असे लिहिलेले पत्र माझ्याकडे होते आणि त्याचा काहीही उपयोग झाला नाही. सोसायटीला माझ्या वर्गाची हरकत नव्हतीच, फक्त गेट लवकर उघडायला माणूस नव्हता. करारात सहा महिन्यांचा लॉक-इन होता, म्हणजे तोवर जागा सोडली तरी भाडे द्यायचे, तेवढे भाडे मी भरले. आठची बॅच लावून पाहिली, परंतु नोकरीवर जाणारे आणि मुलांचे डबे करून येणाऱ्या गृहिणी त्या वेळी येऊ शकत नव्हत्या. अकरांपैकी तीन जण उरले.

लीव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरण्याच्या परवानगीचा करार, लेखी आणि नोंदणीकृत असणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार बंधनकारक आहे. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी नको, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. लॉक-इन दोन्ही बाजूंनी सारखा आहे ना, ते तपासा. फरशी, आरसे, रंग यांसाठी पहिले पंधरा दिवस तरी बिनभाड्याचे मागून घ्या. पुष्कळ मालक देतात, मागावे मात्र लागते. आणि पहाटेच्या प्रवेशाचे कलम या करारातही घाला, तो न मिळाल्यास लॉक-इन लागू राहणार नाही या वाक्यासह. त्या एका वाक्याने माझे पाच महिन्यांचे भाडे वाचले असते.

पहाटेच्या सोयीसाठी बंगल्याचा तळमजला घेणे चांगले, मी दुसऱ्या वेळी तेच केले, पण तेथे विजेचा मीटर घरगुती असतो. घरगुती जोडणीवर व्यवसाय चालवणे हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. असा वापर कधीपासून आहे हे निश्चित करता आले नाही, तर मागील बारा महिन्यांचीही होते. मीटरची वर्गवारी बदलण्याचा अर्ज मालकाच्या सहीने महावितरणकडे आधीच द्यावा. मालमत्ता कर बिगरनिवासी दराने वाढला तर तो फरक कोण भरणार, हेही करारात आणावे.

जागेचे माप कार्पेटमध्येच, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेचे, विचारा. एजंट भिंती धरून येणारे बिल्टअप माप सांगतो आणि आपण त्यावर बॅचची संख्या ठरवून बसतो. मॅट दोन बाय सहा फुटांची असली तरी हात आडवे पसरायला, पाय बाजूला टाकायला माणशी पंचवीस ते तीस चौरस फूट लागतात. पाचशे फूट कार्पेटमधून प्रवेश, सामानाचे कपाट आणि शिक्षकाची जागा वगळली की चौदा-पंधरा माणसे नीट मावतात. वीस बसवली तर त्रिकोणासनात एकाचा हात दुसऱ्याच्या नाकाशी येतो. छताचा पंखा किती उंचीवर आहे ते स्वतः हात वर करून, टाचा उचलून पाहा, आणि आपल्यापेक्षा वीतभर उंच माणूस तिथे उभा आहे असे समजा. शक्य असल्यास भिंतीवरचे पंखे लावा, कारण शवासनात घामेजलेल्या अंगावर छताच्या पंख्याचा थेट झोत आला की माणसे आखडतात.

फरशीसाठी घाई नको. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलवर मॅट सरकते आणि डिसेंबरात नाशिकच्या थंडीत ती फरशी पायाला चटका देते. त्यावर उपाय म्हणून एकमेकांत अडकणारे जाड फोमचे चौकोन घेतले जातात, पण ते इतके मऊ असतात की वृक्षासनात घोटा सतत डुगडुगतो आणि आधीच तोल सांभाळू न शकणारी वयस्कर माणसे घाबरतात. मी शेवटी पातळ, घट्ट विनाइल शीट टाकली. डंबेल वगैरे ठेवायचे असतील तर रबरी फरशी लागेल, आणि खाली कोणी राहत असेल तर वजनांचा विचारच सोडावा.

मॅट प्रत्येकाला स्वतःची आणायला सांगा, पाच-सहा जादा ठेवा. पावसाळ्यात धुतलेल्या मॅट दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि त्यांना कुबट वास येतो, म्हणून जूनच्या आधी वाळत घालण्याची दोरी व पंखा यांची सोय करा. बिनहाताच्या चार भक्कम खुर्च्या मात्र अवश्य घ्या. गुडघ्यांमुळे खाली बसू न शकणारी माणसे पहिल्याच आठवड्यात येतात आणि खुर्ची नसली तर दुसऱ्या आठवड्यात येत नाहीत.

आरोग्याची माहिती प्रवेशाच्या वेळी लेखी घ्या. उच्च रक्तदाब, मणक्याची गादी सरकणे, काचबिंदू, गर्भारपण, अलीकडची शस्त्रक्रिया, एवढे तरी विचारलेच पाहिजे. काचबिंदूच्या माणसाला शीर्षासन किंवा डोके खाली जाणारे कोणतेही आसन देणे धोक्याचे आहे, आणि रक्तदाबाच्या रुग्णाला वेगाने कपालभाती करायला लावणेही तसेच. माणूस हे आपणहून सांगत नाही, त्याला त्याचा संबंध ठाऊक नसतो. अर्ज भरून कपाटात ठेवू नका. पहिला आठवडा तो हातात घेऊन शिकवा.

कागदपत्रांतील बाकी बाबी थोडक्यात. दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ खाली थोड्या कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते, ती सुरुवातीपासून साठ दिवसांत द्या. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. लघुउद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी निःशुल्क आहे, तिच्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. जीएसटीची नोंदणी सेवेची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या पुढे गेल्यावर लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून योग व व्यायामाच्या सेवांवरील जीएसटीचा दर अठराऐवजी पाच टक्के झाला असला तरी खरेदीवरील कराची वजावट त्यात मिळत नाही. सहाच्या आधी ध्वनिवर्धक लावू नका, कारण नियमानुसार रात्रीची वेळ सकाळी सहापर्यंत धरली जाते आणि शेजाऱ्यांची तक्रार खरी ठरते. ओंकार तोंडाने म्हणायला माइक लागत नाही.

फी तिमाही ठेवा, परताव्याचा नियम पावतीवरच छापा. सहा महिन्यांचे भाडे बाजूला काढून ठेवल्याशिवाय सुरुवात करू नका. आपण आजारी पडलो तर शिकवणारी दुसरी व्यक्ती आधीच ठरवून ठेवा. २१ जूनला उद्घाटन करण्याचा मोह पुष्कळांना होतो. योग दिनाला हॉल भरतो हे खरे, पण त्यांतले बहुतेक त्या दिवसापुरते आलेले असतात, आणि त्यांच्या गर्दीवरून बॅचचा अंदाज बांधला की जुलैत निराशा होते. एप्रिल-मे टाळावा, मुलांना सुट्टी लागली की घरे गावाला जातात.

फलक, पत्रके, फुले, पेढे, अग्निशामक नळकांडे, प्रथमोपचाराची पेटी, चपलांचा रॅक (जिन्यात नको, आत) : हे कोणीही करील.

उद्घाटनाच्या आदल्या पहाटे पुन्हा एकदा साडेपाचला जा. गेटचे कुलूप आपल्या जवळच्या किल्लीने, आपल्या हाताने उघडा, जिन्याचा दिवा लावा, वर जाऊन नळ सोडा आणि पाणी येईपर्यंत तिथेच थांबा. किल्लीची दुसरी प्रत त्याच दिवशी करून सहशिक्षकाकडे द्या.