जुन्या बसचं वजन काट्यावर घेताना या चुका टाळा

जुनी टाटा नाहीतर लेलँड बस घ्यायची, तिचं फिरतं घर करायचं आणि ताडोबा-मेळघाटाकडे मुक्कामाला न्यायची, हा नाद आता विदर्भातल्या खेड्यापाड्यांतही पोचलाय. वेल्डिंग, सुतारकाम, रंग हे सगळं हौसेनं होतं. गाडी अडते ती आरटीओच्या कागदावर, आणि तिथे वजनाच्या रकान्यात लोक हमखास गडबडतात.

वजनाआधी दोन गोष्टी बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल मनानं करता येत नाही, त्यामुळे परवानगीचं बोलणं बॉडीला हात लावायच्या आधी. दुसरं, २०२१ च्या व्हिंटेज नोंदणीच्या भरवशावर राहू नका. ती ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात मोठा बदल न केलेल्या दुचाकींना आणि चालक सोडून आठ आसनांपर्यंतच्या चारचाकींना आहे. घर केलेली बस दोन्हीकडून बाद. आणि १५ वर्षं झालेल्या एस.टी.ची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे वाढवून मिळत नाही. भंगाराच्या लिलावातली अशी गाडी स्वस्त पडली म्हणून उचलाल, तर तिचं वजन शेवटी भंगारवालाच करेल.

दोन वजनांची सरमिसळ

आरसीवर रिकामं वजन वेगळं असतं आणि एकूण वजन वेगळं. लोक काय करतात, गाडीत माणसं, पाणी, सामान भरून काट्यावर चढवतात आणि येईल तो आकडा एकूण वजन म्हणून अर्जात लिहितात. पण एकूण वजन काट्यावर मिळतच नाही. भरलेल्या गाडीचं वजन जास्तीत जास्त किती असावं याची ती मर्यादा आहे. ती कंपनीनं चासीसाठी, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यासाठी, ठरवलेली असते आणि आरसीवर चढलेली असते. काटा सांगतो ते फक्त त्या घडीचं वजन. एकूण वजनातून रिकामं वजन वजा केलं की उरतो तो तुमच्या वाट्याचा भार: माणसं, पाणी, गाद्या, सिलिंडर, भांडीकुंडी.

चासीवरची पाटी गंजून गेली असेल तर टाटाच्या जुन्या मॉडेलच्या नावावरून अंदाज येतो. पहिले दोन आकडे साधारण टनांतलं एकूण वजन सांगतात आणि पुढचे दोन अश्वशक्तीचा दहावा भाग. १२१० म्हणजे बारा टनांच्या आसपास, १५१२ म्हणजे पंधरा. पण हा अंदाज मेकॅनिकशी गप्पा मारण्यापुरता. अर्जात आरसीतलाच आकडा लिहायचा.

पुढे दोन आणि मागे चार टायर असलेल्या दोन एक्सलच्या (चाकांच्या आसांच्या) गाडीची एकूण वजनाची मर्यादा २०१८ मध्ये १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेली. ‘मग आपलीही वाढली’ असं सांगणारे गॅरेजात भेटतात. राजपत्रात आकडा वाढला म्हणून चाळीस वर्षांपूर्वीच्या चासीचे स्प्रिंगचे पाटे जाड होत नाहीत.

छोट्या बसवाल्यांची एक वेगळी गफलत असते. रिकामं वजन ७,५०० किलोच्या आत आलं म्हणजे कारच्या लायसन्सवर चालेल, असं ते धरून चालतात. आरसीवर ती बस आहे तोवर ही मर्यादा एकूण वजनाला लागते.

रिकामी म्हणजे किती रिकामी?

गाडी कामात असताना तिच्यासोबत नेहमी असणारी साधनं रिकाम्या वजनात धरायची, चालक आणि मदतनीस सोडायचे, असं कायद्याची व्याख्या सांगते. म्हणजे पलंग, ओटा, कपाटं, छतावरचं कॅरियर, सोलर पॅनेल, बॅटऱ्या, स्टेपनी, जॅक सगळं जागेवर हवं. ड्रायव्हरनं खाली उतरायचं. पाण्याच्या टाक्या रिकाम्या करा. डिझेलचा उल्लेख व्याख्येत नाही, म्हणून टाकीत किती लिटर आहे ते पावतीवर लिहून ठेवा. १०० लिटर म्हणजे सुमारे ८३ किलो.

फर्निचर बसवायच्या आधी वजन उरकलं की आकडा कमी येतो, हा शहाणपणा करू नका. १८ मिमीच्या प्लायवूडची एक पूर्ण शीट तीस-पस्तीस किलोंची, पंधरा शीट लागल्या की अर्धा टन. रस्त्यात अधिकाऱ्यानं गाडी काट्यावर घ्यायला लावली तर कागद आणि गाडी जुळणार नाहीत. पावसाळ्यात मडगार्डच्या आत बसलेली काळी माती मात्र आधी धुऊन टाका, तिचं वजन आपल्या नावावर कशाला?

काटा आणि त्याची तब्येत

जिनिंगचा किंवा बाजार समितीचा धरमकाटा चालतो. वैधमापन शास्त्र विभागाचं पडताळणी प्रमाणपत्र चालू वर्षाचं आहे का, एवढं विचारा. कापसाच्या हंगामात सकाळी लवकर जा, नाहीतर गाड्यांच्या रांगेत काटेवाल्याला तुमच्यासाठी शून्य करायलाही वेळ नसतो. गाडी चढण्याआधी दर्शकावर शून्य दिसलंच पाहिजे.

एक्सलचं वजन न घेणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची, असं तीनदा वजन घ्या. बसचा मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या चाकांच्या पलीकडे निघालेला भाग, लांब असतो आणि टाकी, गॅस, बाथरूम सगळं तिथेच ढकललं जातं. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर) ५.३ मीटर आहे आणि मागच्या एक्सलच्या २ मीटर मागे २०० किलोची टाकी बसवली, तर मागच्या एक्सलवर २०० नाही, सुमारे २७५ किलो वाढतात. पुढचा एक्सल ७५ किलोंनी हलका होतो. एकूण आकडा मर्यादेत दिसतो, पण मागचे टायर तापतात आणि पुढे स्टेअरिंग हलकं लागतं.

दोन्ही एक्सलची बेरीज पूर्ण वजनाशी जुळली नाही तर घाबरू नका. मोठ्या काट्यांचा आकडा १० किंवा २० किलोंच्या टप्प्यानं सरकतो, त्यामुळे थोडा फरक राहणारच. फरक शंभराच्या पुढे गेला तर काट्याकडे जाणारा रस्ता बघा. तो काट्याच्या पातळीत नसेल तर भार एका एक्सलवरून दुसऱ्यावर सरकतो. हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रल करा, गाडी घरंगळू नये म्हणून चाकांना उटी (पाचर) लावा, आणि उलट्या दिशेनं चढवून पुन्हा मोजा.

पावती

गाडी नंबर, तारीख, वेळ आणि काट्याचं नाव छापून घ्या, चासी नंबर हातानं लिहून सही-शिक्का मागा. पावती थर्मल कागदावर असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा. डॅशबोर्डवर ठेवलेली पावती मे महिन्यात अर्जाच्या तारखेपर्यंत कोरी होते.