पावसाळ्याआधी घरातले जुने फोटो ऑनलाइन अल्बममध्ये कसे न्यावेत

कोकणात जुन्या फोटोंचा खरा वैरी पावसाळा आहे. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्या चार महिन्यांत फडताळातल्या अल्बमची पाने एकमेकांना चिकटतात, फोटोंवर बुरशीचे ठिपके उमटतात. म्हणून ऑनलाइन फोटो वाटून घेण्याची सुरुवात मोबाइलमधल्या नव्या फोटोंपासून न करता या जुन्या फोटोंपासून करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मे महिन्यात चाकरमानी घरी आलेले असतात, फोटोतली माणसे ओळखणारी वडीलधारी मंडळीही भोवती असतात, तेव्हा हे काम काढावे.

पहिल्या दिवशी वीसच फोटो घ्यावेत. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झाडावी. ओले फडके लावू नये. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. आमच्या आजीचा एकुलता एक फोटो मी असाच सोडवायला गेलो, आणि तिच्या कपाळावरच्या कुंकवासकट वरचा थर काचेलाच राहिला. असा फोटो काचेतूनच टिपावा आणि काचेत मोबाइलचे प्रतिबिंब दिसत असेल, तर मोबाइलच्या मागे कोणाला तरी काळे कापड धरून उभे करावे.

फोटो टिपायला पडवीइतकी चांगली जागा नाही, कारण तिथे ऊन थेट येत नाही आणि उजेड मात्र भरपूर असतो. गडद रंगाच्या कापडावर फोटो सपाट ठेवावा, फ्लॅश बंद करावा, मोबाइल फोटोला समांतर धरावा आणि चारही कडा चौकटीत बसवाव्यात. त्यानंतर फोटोची मागची बाजूही टिपावी. तिथे शाईने लिहिलेले गाव, महिना, लग्नाची तिथी हेच पुढे सर्वांत मोलाचे ठरते.

आता ऑनलाइन ठेवण्याविषयी. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पाठवलेला फोटो आकाराने लहान केला जातो, त्यात बारकावे हरवतात, आणि दोन दिवसांत तो शुभेच्छांच्या गर्दीत गडप होतो. त्यापेक्षा गूगल फोटोजसारख्या सेवेत घराण्याच्या नावाचा एक अल्बम उघडावा. गूगलच्या खात्यात १५ जीबी जागा विनामूल्य मिळते. मात्र ती जीमेल आणि ड्राइव्ह यांच्यासह सामाईक असते, आणि भरली की ई-मेल येणेही थांबू शकते. एक फोटो तीन-चार एमबीचा धरला, तरी यात काही हजार फोटो सहज मावतात, म्हणून जुन्या फोटोंसाठी सेटिंगमध्ये मूळ दर्जाच निवडावा. गावात रेंज येते-जाते, वीजही जाते. त्यामुळे वाय-फाय असेल तिथे, शक्यतो रात्री, फोटो चढवावेत.

एका गोष्टीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. पन्नास वर्षांपूर्वीचा फोटो आज टिपला, की त्यावर आजची तारीख बसते आणि तो यंदाच्या आंब्यांच्या फोटोंमध्ये जाऊन पडतो. प्रत्येक फोटोच्या माहितीत जाऊन तारीख बदलता येते; नेमकी तारीख ठाऊक नसेल, तर अंदाजाचे वर्ष घालून वर्णनात 'अंदाजे' असे लिहावे. त्याच वर्णनात डावीकडून उजवीकडे नावे लिहावीत, आणि 'काकू' किंवा 'आत्या' एवढेच न लिहिता पूर्ण नाव व माहेरचे आडनावही लिहावे. ओळख पटत नसेल, तर तसे स्पष्ट लिहून ती जागा मोकळी ठेवावी. अल्बम मुंबईला पोहोचला, की गिरगावातल्या एखाद्या आत्याबाई ते नाव चटकन सांगतात, हा माझा अनुभव आहे.

अल्बम शेअर करताना तयार होणारी लिंक ज्याच्या हाती पडेल, त्याला तो पाहता येतो, हे लक्षात ठेवावे. त्यामुळे शक्यतो नातेवाइकांना त्यांच्या ई-मेलवरूनच जोडावे आणि लिंक बंद ठेवावी. त्यांनाही फोटो घालता येतील अशी परवानगी द्यावी, कारण त्याच लग्नाचे फोटो डोंबिवलीच्या कपाटातही असतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ठिकाणाची नोंद चालू असेल, तर फोटोसोबत आपल्या घराचा ठावठिकाणाही जातो. ती आधीच बंद करावी. लहान मुलांचे आणि हयात माणसांचे फोटो घालण्यापूर्वी त्या त्या घरी विचारावे.

खाते दोन वर्षे कोणी उघडलेच नाही, तर गूगल ते काढून टाकू शकते. म्हणून वर्षातून एकदा, गणपतीत सगळे जमले की, अल्बम उघडून पाहावा, त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर उतरवावी आणि परतणाऱ्या चाकरमान्याच्या हाती ती मुंबईला पाठवावी. खाऱ्या, दमट हवेतल्या घरात दुसरी प्रत ठेवण्यापेक्षा ती तिकडे सुरक्षित राहते.