टेबलावरचे नेमाचे खेळ: मुलांचा हात घडवायचा असेल तर या चुका टाळा

"मॅडम, काल दहापैकी नऊ नेम लागले!" आठवड्यातून तीन-चार वेळा तरी हे मी ऐकते. सांगणाऱ्या आईचा आनंद खरा असतो, म्हणून आधी मुलाची पाठ थोपटते. मग विचारते, "नेम लागत होते तेव्हा त्याचा खांदा कुठे होता?" यावर उत्तर येत नाही, कारण घरातले सगळे कपाकडे बघत होते.

कपात चेंडू टाकणं, टिचकीने चकती गोलात सरकवणं, खुंटीवर कडी अडकवणं, चिमट्याने कापसाचा गोळा उचलून खाच्यात सोडणं. ऑक्युपेशनल थेरपीत, म्हणजे रोजची कामं मुलाला स्वतःला जमावीत यासाठीच्या उपचारात, हे खेळ आम्ही रोज वापरतो. मुलाला तो खेळ असतो. आम्हाला त्यातून बोटांची पकड, मनगटाची स्थिरता, नजर आणि हाताचा मेळ, जोर किती लावायचा याचा अंदाज, असं सगळं घडवायचं असतं. दिसायला इतके सोपे असल्यामुळेच हे खेळ घाईघाईत मांडले जातात, आणि मग त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा समोर येतात.

नेम मोजला, हात पाहिलाच नाही

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगते. काम सुरू करून मला दोन वर्षं झाली होती. सात वर्षांचा एक मुलगा यायचा. शर्टाची बटणं लागत नाहीत आणि चार ओळी लिहिल्या की हात दुखतो, अशी तक्रार होती. मी कप आणि हलके चेंडू मांडले. पहिल्या आठवड्यात दहापैकी तीन, तिसऱ्या आठवड्यात नऊ. वहीत आकडे लिहिताना मला फार समाधान वाटत होतं. त्याच दिवशी त्याची आई म्हणाली, "बटणं मात्र अजून मीच लावते."

त्या दिवशी पहिल्यांदा मी कपामागची जागा सोडून त्याच्या बाजूला बसले. कोपर बरगडीला घट्ट चिकटलेलं, खांदा कानापर्यंत चढलेला, मनगट खाली मुडपलेलं. चेंडू सुटताना सगळं अंग पुढे झोकलं जात होतं. बोटं चेंडू नुसती धरून होती, फेकत होतं धड. ज्या बोटांसाठी खेळ मांडला, त्यांना तीन आठवडे कामच मिळालं नव्हतं. शरीर असंच वागतं. एक जागा कमजोर असली की दुसरी तिचं काम उचलते आणि नेम तरीही लागतो.

मग कप बाजूला ठेवले. चपट्या चकत्या आणल्या, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेबलावर टेकवला, लक्ष्य वीतभर अंतरावर आणलं आणि फक्त तर्जनीने टिचकी मारायला सांगितली. करंगळी आणि अनामिकेखाली कागदाचा लहानसा बोळा धरायला दिला. ती दोन बोटं मिटून राहिली की अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट मोकळेपणी काम करतात. दहापैकी दोनच नेम लागले. तो रडवेला झाला, आईही नाराज झाली. पण टिचकी मारताना खांदा खालीच राहिला होता आणि बोट पहिल्यांदाच एकटं हललं होतं. बटणांना त्यानंतरही दीड महिना लागला, आणि तेव्हाही खालची दोनच जमली, जी त्याला नीट दिसत होती.

तेव्हापासून पहिले पाच नेम मी लक्ष्याकडे बघतच नाही. बाजूला बसते आणि पाय, खांदा, मनगट या क्रमाने नजर फिरवते. पालकांना सांगते, मोबाईल मुलाच्या बाजूला ठेवून वीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या, मला तोच दाखवा. आकडा नको.

आणि हो, खुर्ची. पाय लोंबकळत असतील तर खेळ सुरूच करू नका. पायाखाली खोकं किंवा जाड पुस्तकं ठेवा, टेबल साधारण कोपराच्या उंचीला येऊ द्या. धड डळमळत असेल तर बोटांकडून कसबाची अपेक्षा करणं त्या मुलावर अन्याय आहे.

तेच अंतर, तेच लक्ष्य, महिनाभर

नेम लागायला लागला की मोठ्यांना तीच मांडणी आवडू लागते. यश दिसत असतं ना! पण मूल तेव्हा बहुधा तेवढं एकच अंतर शिकलेलं असतं. 1978 मध्ये कर आणि बूथ या संशोधकांनी आठ वर्षांच्या मुलांना छोट्या पिशव्या लक्ष्यावर टाकायला लावल्या होत्या. एका गटाने सराव केला फक्त तीन फुटांवरून. दुसऱ्या गटाने दोन आणि चार फुटांवरून केला, तीन फुटांवरून एकदाही नाही. शेवटी चाचणी घेतली तीन फुटांवरच, आणि दुसऱ्या गटाचा नेम जास्त अचूक निघाला. एका प्रयोगावर सगळं ठरत नाही, पण माझ्या टेबलावर मला रोज याच दिशेचं काही दिसतं. अंतर बदलत राहिलं की मूल जोराचा अंदाज बांधायला शिकतं.

घाई करणारे मात्र उलट टोकाला जातात. आज जमलं म्हणून उद्या लक्ष्य दुप्पट लांब, शिवाय निम्म्या आकाराचं. पॉल फिट्सने 1954 मध्ये हाताच्या नेमक्या हालचालींसाठी जे सूत्र मांडलं, त्यात अंतर दुप्पट केल्याने जेवढा अवघडपणा वाढतो तेवढाच लक्ष्याची रुंदी निम्मी केल्यानेही वाढतो. चिमट्याच्या खेळात हे लगेच दिसतं. दोन्ही एकदम बदललं की मूल उठून जातं आणि आपण म्हणतो, "याचं लक्षच लागत नाही." मी एका वेळी एकच गोष्ट बदलते. पकडच अजून बसली नसेल, तर सुरुवातीचे काही दिवस काहीच बदलत नाही.

थोडक्यात सांगण्यासारख्या

हात धरून नेम मारून घेऊ नका. तो नेम तुमचा असतो.

"मनगट सरळ, कोपर आत, बोट वाकव" असा सूचनांचा भडिमार नको. मी एकच सांगते, "चकती त्या रेषेपलीकडे जाऊ दे."

भावंडांची शर्यत लावू नका. हरायच्या भीतीने मूल पुन्हा सगळं अंग झोकून फेकतं.

सगळ्या चकत्या नेहमी उजवीकडेच मांडू नका. कधी डावीकडे ठेवा, म्हणजे हात शरीराची मधली रेषा ओलांडेल.

एक बाजू कमजोर असलेल्या मुलाचा चांगला हात स्वतःच्या मनाने बांधून ठेवू नका. ती पद्धत थेरपिस्टच्या देखरेखीखालीच करायची असते.

लहान, ताकदवान चुंबक असलेले खेळ घरात ठेवूच नका. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये धरून ते एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. तीन वर्षांखालच्या मुलासमोर तोंडात मावेल अशी कुठलीच छोटी वस्तू नको, आणि घरात एवढं लहान भावंड असेल तर खेळ संपल्यावर चकत्या मोजून ठेवा.

चकत्या आपणच गोळा करून देणं

वेळ वाचावा म्हणून आई-बाबा पटापट चकत्या उचलून मुलाच्या हातात एकेक देतात. यात निम्मी थेरपी हातातून जाते. सपाट टेबलावरची चकती नखाने उचकटून चिमटीत घ्यायची, ती तळहातात ढकलून मुठीत जपायची, मग दुसरी, मग तिसरी. टाकायची वेळ आली की बाकीच्या न सांडता त्यातली एकच पुन्हा बोटांच्या टोकाशी आणायची. नाणी मोजताना आपला हात नेमकं हेच करतो, आणि हे शिकायला मुलाला नेम मारण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. माझ्याकडे एका मुलीला तीन चकत्या मुठीत धरून चौथी उचलायला पाच मिनिटं लागली. अंगठ्याचं नख जोराने पांढरं पडलं होतं, दोनदा सगळ्या सांडल्या. आई खुर्चीतून उठायला लागली, तेव्हा मी तिला हातानेच थांबवलं. चौथी चकती मुठीत गेली आणि त्या दिवशी आम्ही लक्ष्य मांडलंच नाही.