जामिनावर सुटलेल्या स्त्रीचा फोन: उपचार, गरोदरपण आणि कोर्टाची तारीख कशी सांभाळावी

अमली पदार्थांच्या गुन्ह्यात अटक झालेली स्त्री जामीन मिळून भायखळ्याच्या किंवा येरवड्याच्या कारागृहातून बाहेर येते, तेव्हा तिचा फोन बहुधा पोलिसांकडे मुद्देमाल म्हणून जमा असतो आणि आधार, बँक, रेशन यांचे ओटीपी ज्या क्रमांकावर येतात तो क्रमांकही त्यातच अडकलेला असतो. म्हणून तिला मदत करणाऱ्या कार्यकर्तीने, परिचारिकेने किंवा नातेवाइकाने कोणतेही ॲप दाखवण्याआधी वकिलाला भेटावे. फोन सुपूर्तनाम्यावर (मागितल्यावर हजर करण्याच्या लेखी हमीवर) परत मागण्याचा अर्ज कधी करायचा आणि तोवर त्याच क्रमांकाचे नवे सिम घ्यावे की नाही, हे त्यानेच ठरवावे. वकील नसल्यास १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाकडे मागणी करता येते. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

दरम्यान ती ज्या फोनवरून बोलणार, तो कोणाचा आहे हे आधी विचारावे. नवऱ्याचा किंवा सासरचा असेल, आणि पुष्कळदा व्यसनाची सुरुवातही त्याच घरातून झालेली असते, तर तिला मजकूर पाठवू नये. ठरलेल्या वेळी फोन करावा आणि पहिला प्रश्न ‘आता बोलता येईल का?’ एवढाच असावा. फोन तिचा स्वतःचा असला तरी कुलूप असलेल्या पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसणार नाही अशी सेटिंग करून द्यावी आणि व्यसनमुक्ती केंद्राचा क्रमांक साध्या नावाने साठवावा. ‘काल परत घेतली’ यासारखी कबुली तिने व्हॉट्सॲपवर लिहू नये. ती बोलून सांगावी, कारण अशी संभाषणे पुढे न्यायालयात वाचली जाऊ शकतात. मात्र घाबरून जुने संदेश पुसून टाकण्याचा सल्ला तिला कोणी देऊ नये. पुरावा नष्ट केल्याचा आरोप मूळ आरोपापेक्षा जड जाऊ शकतो, त्यामुळे फोनमध्ये काय आहे ते फक्त वकिलाला सांगावे.

मदतीच्या क्रमांकांत एक घोटाळा वारंवार होतो. ‘टेलिमानस’ म्हणजे १४४१६, ही १० ऑक्टोबर २०२२ पासून चालणारी मानसिक आरोग्याची सेवा आहे. ‘मानस’ म्हणजे १९३३, ही २०२४ मध्ये सुरू झालेली नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोची, म्हणजे अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेची हेल्पलाइन आहे. दुसऱ्या क्रमांकावरही समुपदेशनाकडे जोडून देतात, पण अमली पदार्थांची माहिती याच यंत्रणेकडे दिली जाते, म्हणून खटला चालू असलेल्या स्त्रीला फोन लावण्यापूर्वी हा क्रमांक कोणाचा आहे हे माहीत असलेच पाहिजे. (सेवांना ही नावे देणाऱ्यांनी थोडा विचार केला असता तर बरे झाले असते.) व्यसनमुक्तीसाठी सामाजिक न्याय मंत्रालयाचा १४४४६ हा मोफत क्रमांक आहे, जवळचे केंद्र कोणते, तिथे स्त्रियांची सोय आहे का आणि मूल सोबत ठेवता येते का, हे तीन प्रश्न त्या एकाच फोनमध्ये विचारून घ्यावेत.

फोनवरून सल्ला मिळतो, सगळी औषधे मिळत नाहीत. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी एनडीपीएस कायद्याखालच्या (अमली पदार्थविरोधी कायद्याखालच्या) औषधांवर बंधन घातलेले असल्याने ब्युप्रेनॉर्फिनसारखा, म्हणजे अफूजन्य पदार्थांऐवजी देण्याच्या औषधाचा उपचार सुरू करण्यासाठी केंद्रात जावेच लागते. ई-संजीवनी या सरकारच्या मोफत ऑनलाइन डॉक्टरी सल्ला सेवेचा उपयोग पाळी, रक्तक्षय, गर्भनिरोधन अशा सल्ल्यासाठी करावा. सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, कारण आत असताना शरीराची सवय मोडलेली असते आणि पूर्वीचे प्रमाण घेतल्यास श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो. या काळात तिला रोज एक फोन करावा. श्वास मंद झाला, ओठ निळे पडले किंवा जाग येत नसली, तर क्षणभरही न थांबता १०८ ला बोलवावे, हे घरातल्या एका विश्वासू माणसालाही शिकवून ठेवावे.

गर्द किंवा तत्सम पदार्थांमुळे पाळी अनियमित होते किंवा थांबते. त्यामुळे ‘पाळीच येत नाही, म्हणजे दिवस जाणार नाहीत’ असा समज पक्का बसतो आणि गरोदरपण उशिरा लक्षात येते. पहिल्याच आठवड्यात चाचणी करून घ्यावी. आशाताईंकडे निश्चय किट मिळते. चाचणी होकारार्थी आली तर तिला स्वतःच्या मनाने व्यसन एकदम बंद करू देऊ नये. गरोदरपणात अफूजन्य पदार्थ अचानक तोडल्यास गर्भाला धोका असतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना एकदम बंद करण्याऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीखाली पर्यायी औषध चालू ठेवण्याची शिफारस करतात. दारूही एकदम सोडल्यास झटके येऊ शकतात.

गर्भ ठेवायचा की नाही, हा निर्णय तिचा आहे. सज्ञान स्त्रीला नवऱ्याची संमती लागत नाही आणि गर्भपाताच्या कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार डॉक्टर तिचे नाव कायद्याने अधिकृत व्यक्तीखेरीज कोणाला सांगू शकत नाहीत. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. नियमांत सांगितलेल्या गटांतील स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. हा आकडा ओलांडला जाऊ नये म्हणून शेवटच्या पाळीची आठवणारी तारीख त्याच दिवशी फोनच्या दिनदर्शिकेत टाकावी. गोळ्या ऑनलाइन मागवू नयेत. गर्भ ठेवायचा असल्यास सरकारी आरोग्य केंद्रातली दर महिन्याच्या ९ तारखेची मोफत तपासणी दिनदर्शिकेत नोंदवावी. आरोग्यसेविकेकडे नोंदणी करताना चालू क्रमांक दिला की ‘किलकारी’ या सरकारी सेवेचे गरोदरपणाविषयीचे आठवड्याचे ध्वनिसंदेश येऊ लागतात, वाचता न येणाऱ्या स्त्रीला त्यांचा विशेष उपयोग होतो. अर्थात फोन घरच्यांच्या हातात राहत असेल, तर हेच संदेश गुपित फोडतात.

त्याच दिनदर्शिकेत कोर्टाची तारीख हवी. ई-कोर्ट्स ॲपमध्ये प्रकरणाचा सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की पुढील तारीख दिसते. तपासणी आणि तारीख एकाच दिवशी आली, तर रुग्णालयाची चिठ्ठी आदल्या दिवशीच वकिलाकडे पोचवावी. पोलीस ठाण्यातली हजेरीही याच यादीत लिहावी.

उपचाराच्या प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवावा, कारण तो कायद्याचाही कागद आहे. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती मान्यताप्राप्त ठिकाणी स्वेच्छेने उपचार घेत असेल तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, पण उपचार अर्धवट सोडल्यास ते काढूनही घेता येते. म्हणून केंद्रात प्रवेशाची तारीख, दर भेटीची नोंद आणि शेवटचे प्रमाणपत्र वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावे आणि त्याच्या प्रती वकिलाकडे द्याव्यात. गरोदरपणाचे कागद मात्र त्या फोल्डरमध्ये मिसळू नयेत. ते न्यायालयात दाखवायचे की नाही, हे तिने ठरवावे.