छप्पर शाकारताना हत्यारांच्या या चुका टाळा

पहिल्याच पावसात छप्पर गळलं की दोष गवताला जातो. पाख्याला, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूला, निदान ४५ अंशांचा उतार असेल, तर मी आधी गवत नाही, हत्यार कसं चाललं ते बघतो.

सगळ्यात जास्त वाट लागते ती थापीने. खाचा पाडलेली ही लाकडी फळी जमीन चोपायच्या चोपण्यासारखी दिसते, म्हणून नवखा माणूस गवतावर आडवे दणके घालतो. काड्या चेपतात, फुटतात, आणि फुटलेली काडी पाणी धरते. घाव बसायला हवा काड्यांच्या बुडख्यांवर, खालून वर, उताराला धरून. बोरूसारखी टणक काडी बुडाला जाड, शेंड्याला निमुळती असते. ती वर सरकली की गवत आवळून धरणाऱ्या बंधाखाली पाचरीसारखी घट्ट होते. त्यासाठी बंध आधी बेताचा आवळा, थापी चालवा, मग पक्का करा. ढिल्या बंधात ठोकलंत तर काडी नुसती वर पळते. भाताच्या मऊ पेंढ्याला मात्र थापी नकोच. तो दाताळ्याने वरून खाली विंचरायचा, म्हणजे सुट्या काड्या निघून जातात.

दाभणाची चूक लवकर दिसत नाही. बाहेरून खुपसलेलं दाभण आतल्या माणसाने रिपेला, म्हणजे गवताखालच्या आडव्या पट्टीला, वळसा देऊन परत पाठवायचं असतं. वळसा चुकला तर दोरी गवतालाच गवत बांधते आणि पहिल्या वाऱ्यात थर घसरतो. प्रत्येक टाका ओढून बघा. गवत सरकलं तर तो उसवा. टाका वरच्या थराखाली पूर्ण झाकला गेला पाहिजे. उघड्या दोरीवरून पाणी थेट आत उतरतं.

आढ्याजवळ गवत धरून ठेवायला ठोकायच्या वाकवलेल्या कामट्यांचंही, म्हणजे बांबूच्या चिरलेल्या पट्ट्यांचंही, तसंच. टोक आत जाताना खाली झुकलं, की पन्हळ तयार! टोक आडवं किंवा किंचित वर ठेवा. कामटी वाकवताना पिळून वाकवली तर मोडत नाही.

कोयत्याला धार नसेल तर वळचण कापली न जाता फाटते, हे सांगायला नको. पण बोरूचं पाखं सारखं दिसावं म्हणून वरून छाटू नका. तिथली उंचसखल जागा थापीनेच बसवायची.

आणि काम संपवून खाली उतरण्याआधी दाभणं मोजा. एखादं हमखास गवतातच राहतं.