मोकळ्या तासात थ्रोबॉल: महिला महाविद्यालयासाठी मार्गदर्शन

कोणता खेळ सुरू करावा हे ठरवण्याआधी मुली घरी कोणत्या गाडीने जातात ते पाहावे. ठाण्यातील आमच्या महिला महाविद्यालयात कित्येक विद्यार्थिनी कळवा, डोंबिवली, कल्याण किंवा ट्रान्स-हार्बर मार्गावरील ऐरोली, रबाळे येथून येतात. संध्याकाळच्या गर्दीपूर्वी त्यांना फलाट गाठायचा असतो, त्यामुळे ‘तास संपल्यावर खेळू’ असा बेत आठवडाभरही टिकत नाही. वेळापत्रकात दुपारी दोन तासिकांच्या मध्ये जी मोकळी चाळीस मिनिटे सापडतात, तीच खेळाची वेळ मानावी.

या वेळेत बसणारा खेळ म्हणून मी थ्रोबॉल सुचवते. व्हॉलीबॉलमध्ये नवख्या मुलीच्या हातांवरून चेंडू कुठेही उडतो आणि अर्धा वेळ तो आणण्यातच जातो. थ्रोबॉलमध्ये तो झेलून मग फेकायचा असतो, त्यामुळे शाळेत कधीच न खेळलेली मुलगीही पहिल्या दिवशी डावात टिकते. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकल्यावर आमच्याकडेही क्रिकेटची मागणी वाढली, आणि ती रास्तच आहे; परंतु टर्फचे भाडे प्रत्येकीला परवडत नाही आणि अंगणात बॅट फिरवली तर खिडक्यांची धास्ती असते.

थ्रोबॉलचे नियमानुसार मैदान १८.३० मीटर लांब आणि १२.२० मीटर रुंद असते, जाळीची उंची २.२० मीटर असते. इमारतींच्या मधल्या चौकात एवढी जागा नसेल तर बारा बाय सहा मीटरमध्ये पाच-पाच जणींनी खेळावे. रेषा फक्कीने आखाव्यात आणि जाळी दोन खांबांना पक्की ताणून बांधावी, कारण ती मध्ये ढिली पडून लोंबली की प्रत्येक गुणावर वाद होतो. नियम मोजकेच सांगावेत. चेंडू दोन्ही हातांनी, न उडवता, एकदम झेलायचा. तीन सेकंदांच्या आत, एका हाताने, खांद्याच्या वरून पलीकडे फेकायचा. आणि दोघींनी मिळून तो झेलायचा नाही. मनोरंजनासाठी पंधरा गुणांचा एक डाव पुरतो.

खरा वेळ झेल शिकवण्यात घालवावा. घाबरलेली मुलगी हात ताठ ठेवून बोटांची टोके चेंडूकडे करते, आणि नेमका तेव्हाच अंगठ्याला किंवा करंगळीला मुका मार बसतो. तळवे चेंडूकडे, बोटे पसरलेली आणि वरच्या बाजूला, कोपरे सैल. चेंडू हातात येताच तो छातीकडे थोडा मागे घ्यायचा. तीन-चार मीटर अंतरावरून जोडीजोडीने प्रत्येकीला वीस झेल द्यावेत, मगच जाळीपाशी न्यावे. माझ्या अनुभवात तिसऱ्या-चौथ्या दिवशी हातांचा ‘थप्प’ असा आवाज बदलून मऊ होतो, आणि तो ऐकला की भीती गेली असे समजावे. तरीही बोटाला लागलेच तर ते ओढून सरळ करू नये. फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा आणि सूज किंवा वाकडेपणा दिसल्यास डॉक्टरांकडे न्यावे.

वेगळ्या गणवेशाची अट घालू नये, तिच्यामुळे निम्म्या मुली कडेला उभ्या राहतात. ओढणी कमरेला बांधावी, बांगड्या व अंगठ्या काढून ठेवाव्यात, केस बांधावेत. चप्पल मात्र नको, बूट हवेतच. जवळ स्वच्छ स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि सॅनिटरी पॅड यांची सोय असेल तर महिन्यातील कोणत्याही दिवशी खेळायचे की नाही हे प्रत्येक मुलगी स्वतः ठरवू शकते. ही सोय चेंडूइतकीच आवश्यक आहे असे माझे ठाम मत आहे.

जून ते सप्टेंबर चौकातील फरशीवर शेवाळ धरते, तेव्हा तेथे कोणालाही खेळू देऊ नये. त्या महिन्यांत सभागृहात टेबल टेनिस आणि कॅरम लावावेत. ऑक्टोबरच्या उकाड्यात दर दहा मिनिटांनी पाण्यासाठी थांबावे.

संघ दररोज चिठ्ठ्या टाकून पाडावेत. महाविद्यालयाच्या संघातील मुलींना एकत्र खेळू दिले, तर बाकीच्या आठ दिवसांत प्रेक्षक होतात.

साहित्याची जबाबदारी तृतीय वर्षाच्या मुलींकडे ठेवण्याची चूक मी केली होती. त्या उत्तीर्ण होऊन गेल्या आणि नव्या वर्षी दोन्ही चेंडू बसलेले, पंपाची सुई कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही, अशी अवस्था झाली. आता फेब्रुवारीतच जाळी, चेंडू, पंप आणि दोन सुया प्रथम वर्षाच्या दोन मुलींच्या ताब्यात देते आणि कपाटाची चावी कोठे असते ते त्यांच्याकडूनच वहीत लिहून घेते.