प्रायमरीची मुलं खरंच किती शिकली हे कसं बघायचं आणि मग काय करायचं

नाशिकरोडकडच्या एका कॅथलिक शाळेत मी बरीच वर्षं प्रायमरीला शिकवतेय, आता काही वर्षं प्रायमरीची इन्चार्ज आहे. दरवर्षी कुणीतरी नवीन टीचर किंवा बदली होऊन आलेल्या सिस्टर विचारतातच, की रिझल्ट तर छान दिसतोय मग चौथीत गेल्यावर मुलं अशी अडखळतात का? म्हणून आम्ही जे करतो ते एकदा नीट लिहून काढतेय.

आधी मार्क बाजूला ठेवा. आपल्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, पहिली-दुसरीला ७० टक्के आकारिक (म्हणजे वर्गातल्या रोजच्या कामावरून दिलेले) आणि ३० टक्के संकलित (म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे), तिसरी-चौथीला ६०-४०. कल्पना चांगलीच आहे, पण वही पूर्ण असली, प्रोजेक्ट वेळेवर आला आणि पोएम पाठ म्हणून दाखवली की आकारिकचे मार्क मिळून जातात, आणि मूल स्वतःचं स्वतः वाचू शकतं का हा प्रश्न तसाच राहतो.

मला हे कळलं ते तिसरीतल्या एका मुलामुळे. रीडिंगला उभं केलं की धडा खणखणीत वाचायचा. एक दिवस माझं लक्ष त्याच्या बोटाकडे गेलं, बोट दुसऱ्या ओळीवर आणि तोंडात चौथी ओळ. मी न शिकवलेल्या पानावरचा सोपा उतारा पुढे धरला, तर "द" एवढं म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. अख्खा धडा ऐकून ऐकून पाठ केलेला त्याने! रिपोर्ट कार्डवर त्याला बी वन होता आणि तो मीच दिलेला, फार वाईट वाटलं मला त्या दिवशी.

तर पहिलं काम, शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक मुलाला एकटं बोलवून ५ मिनिटं बसायचं. ४५ मुलांचा वर्ग म्हणजे पावणेचार तास, रोज एक तास काढला की आठवड्यात होतं, तेवढा वेळ वर्ग पीटीच्या सरांनी किंवा सिस्टरांनी सांभाळायचा. पेपर नवीन काढत बसू नका. प्रथम ही शिक्षणात काम करणारी संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करते, मुलांना वाचन-गणित किती येतं याची, त्यांचे तक्ते नेटवर फुकट मिळतात. अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, एवढंच. सुरुवात परिच्छेदापासून करायची, जमला तर गोष्ट द्यायची, नाही जमला तर खाली शब्दांवर यायचं. इंग्लिश मीडियम असलं तरी मराठीतही वाचून घ्या, हे मी प्रत्येकाला सांगते, कारण मराठी वाचतं आणि इंग्रजीत अडतं त्या मुलाला शब्द आणि बोलणं कमी पडतंय, पण दोन्हीकडे अडतं त्याला वाचणंच आलेलं नाही, आणि या दोघांना एकच रेमेडियल देऊन काही उपयोग होत नाही.

वाचून झालं की एक प्रश्न विचारायचाच. ५ जुलै २०२१ ला केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान सुरू झालं, २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता आणि साधं गणित करता यावं हे त्याचं लक्ष्य, त्यात तिसरीला मिनिटाला किमान ६० शब्द म्हटलंय. म्हणून काही जण स्टॉपवॉच घेऊनच बसतात. मला ते पटत नाही, मराठीत 'शाळेतल्यांनासुद्धा' हा एकच शब्द मोजला जातो, त्यामुळे वेग बघा पण समजलं का ते आधी बघा.

गणितात उत्तर चुकलं एवढं लिहून थांबू नका, कसं चुकलं ते लिहा. ५२ वजा २७ दिलं की कितीतरी मुलं ३५ लिहितात. म्हणजे दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले, पाचातून दोन काढले, झालं. हे मूल निष्काळजी नाहीये, त्याने स्वतःचा एक नियम बनवलाय. आइस्क्रीमच्या काड्या घ्या, दहा-दहाच्या पाच जुड्या रबर लावून आणि दोन सुट्या, आणि म्हणा यातल्या २७ मला दे. सात सुट्या देताना हात थांबतो, इकडेतिकडे बघतं, मग स्वतःच एका जुडीचं रबर काढतं. तो क्षण बघायला मिळाला की हातचा समजावून सांगायची गरजच राहत नाही. अजून एक, काही मुलं बावन्न ऐकून २५ लिहितात, कारण मराठीत आधी दोन ऐकू येतात मग पन्नास. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीसचं 'वीस एक' असं वाचन दिलं तेव्हा केवढा वाद झाला, पण वर्गात त्याची मदत होते हे मी बघितलंय.

मग गट करायचे, इयत्तेप्रमाणे नाही, पातळीप्रमाणे. असेंब्लीनंतरची ४५ मिनिटं तिसरी ते पाचवीची मुलं आपापल्या गटात जातात, अक्षरांवर असलेला पाचवीतला मुलगाही. सगळ्यात मागच्या गटाला सगळ्यात अनुभवी टीचर द्या, नवीन टीचरवर तो गट ढकलू नका. दर सहा आठवड्यांनी परत तेच ५ मिनिटं आणि गट बदल. पालक येतात, माझा मुलगा लहान मुलांत का बसवला म्हणून. त्यांच्यासमोर मुलाला वाचायला लावा, हळू आवाजात, एकांतात, वाद तिथेच संपतो.

वहीत एका पानावर एक वर्ग, नावापुढे जूनपासून दर तपासणीची पातळी आणि शेजारी हजेरी. वर्गाची सरासरी काढूच नका, सलग दोन वेळा जागचं हललं नाही ती नावं लाल पेन्सिलने घ्या. आमच्याकडे बऱ्याचदा उत्तर हजेरीतच सापडतं, द्राक्षांच्या सीझनला आईवडील बागांवर गेले की धाकट्याला सांभाळायला मोठी घरी. बोर्डिंगच्या मुली पेठ-सुरगाण्याच्या, घरी कोकणा बोलतात, त्यांच्यासाठी इंग्रजी ही तिसरी भाषा आहे, तर त्यांना आधी बोलू द्या आणि मग वाचायला द्या.

कॅथलिक शाळा म्हणून एक गोष्ट वेगळी तपासायचीच. २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर अल्पसंख्याक शाळांना आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, बंधन नाही, गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांचंही नाही, म्हणजे गरीब मूल आपण घ्यायचं की नाही हे आपल्याच हातात आहे. भारतातल्या बिशपांच्या २००७ च्या शिक्षण धोरणात गरीब आणि वंचितांना प्राधान्य असं स्पष्ट लिहिलंय. मग पहिल्या पिढीतली शिकणारी मुलं, बोर्डिंगची मुलं, फी माफ असलेली मुलं यांची वेगळी यादी करून बघा की ती बाकीच्यांच्या बरोबरीने पुढे सरकतायत का. ९९ मेंढरं सोडून एका हरवलेल्याला शोधायला जाण्याचा दाखला आपण नीतिशिक्षणात सांगतो ना, ते मेंढरू या यादीत नावासकट दिसतं. चांगुलपणाला मात्र मार्क देऊ नका, दोन ओळी लिहा, कुणी काय केलं ते.

ओपन डेला पालकांना ग्रेड नंतर दाखवा, आधी दोन मिनिटं मुलाचं वाचन ऐकवा. इंग्रजी न येणाऱ्या आईलाही सांगता येतं, रोज १० मिनिटं मोठ्याने वाचायला लावा आणि कुठे थांबतो ते फक्त ऐका.

एप्रिलमध्ये निकाल लावायच्या आधीच पुढच्या वर्गाच्या टीचरला शेजारी बसवून ती वही उघडा आणि अर्धा तास एकेका नावावर बोला. सुट्टीनंतर जूनमध्ये बरीच मुलं एक पायरी खाली आलेली दिसतील, घाबरू नका, दोन-तीन आठवड्यांत बहुतेक परत वर येतात. जी येत नाहीत त्यांच्यापासून सुरुवात करा.